अभ्यास एक, केंद्रं पन्नास, कारभार कुणाचा?

डिमेन्शियावरच्या बातम्यांत ‘अमुक देशांतल्या तमुक केंद्रांवर झालेला अभ्यास’ असा उल्लेख हमखास असतो. औषधाचं नाव लक्षात राहतं, या ओळीकडे मात्र कुणी फारसं पाहत नाही. काही वाचकांनी मात्र नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं आहे. त्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : एखाद्या मोठ्या रुग्णालयात उत्तम डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, रुग्णही आहेत. मग एकच अभ्यास शंभर-दोनशे ठिकाणी कशासाठी करायचा? त्यात वेळ आणि पैसा वाया जात नाही का?
— निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : लेकानेमॅब या औषधाचं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. ती ज्या चाचणीवर आधारली होती, तिच्यात १७९५ जण होते आणि केंद्रं होती २३५. भागाकार केला तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी आठ माणसंही येत नाहीत. याचं कारण निवडीच्या अटींत आहे. आजार सुरुवातीच्या टप्प्यातच हवा, मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साठल्याचा पुरावा हवा आणि बरोबर येणारं घरचं माणूसही हवं. एवढ्या सगळ्या अटींत बसणारे लोक एका शहरात पुरेशा संख्येने मिळत नाहीत.

पण खरी गोम पुढे आहे. अठरा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. ही टक्केवारी ऐकायला मोठी वाटते. ज्या मोजपट्टीवर ती मोजली ती शून्य ते अठरा गुणांची आहे आणि दोन गटांतला प्रत्यक्ष फरक होता ०.४५ गुणांचा, म्हणजे अर्ध्या गुणापेक्षाही कमी. आता कल्पना करा : काही केंद्रांवरचे परीक्षक हात सैल सोडून गुण देतात आणि काही ठिकाणचे कडक आहेत. एवढासा फरक त्या गोंधळात सहज बुडून जाईल. या आजारात बदल सावकाश होतो आणि तो मोजायचा असतो माणसाशी बोलून. म्हणून केंद्रं वाढवणं अपरिहार्य असतं, आणि केंद्रं वाढली की चुकांच्या वाटाही वाढतात. पैसा खर्च होतो तो मुख्यतः त्या वाटा बुजवण्यावर, आणि तो वाया जात नाही.

प्रश्न : वेगवेगळ्या विद्यापीठांचे नावाजलेले प्राध्यापक एकत्र आले की त्यांच्यात प्रमुख कोण? कोण कुणाचं ऐकतं?
— सहकारी बँकेतले निवृत्त अधिकारी, सांगली

उत्तर : यासाठी ‘अॅडनी’ या अभ्यासाची घडण पाहण्यासारखी आहे. पूर्ण नाव ‘अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह’. तो २००४ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झाला. पन्नासहून अधिक केंद्रं आणि ८०० जणांचं उद्दिष्ट : २०० निरोगी ज्येष्ठ, ४०० जण सौम्य विस्मरणाच्या टप्प्यातले आणि २०० जण अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतले. पहिल्या पाच वर्षांसाठी सुमारे सहा कोटी डॉलर लागणार होते. काही रक्कम अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने दिली, काही औषध कंपन्यांनी. कंपन्यांचा पैसा थेट संशोधकांच्या हाती न जाता एका सार्वजनिक न्यासामार्फत आला.

प्रमुख एकच होते, सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल वायनर. पण त्यांच्या हाती सगळं नव्हतं. कामाचे विभाग पाडले होते आणि प्रत्येक विभाग त्या विषयातल्या जाणकारांकडे दिला होता. एमआरआयची जबाबदारी रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधले क्लिफर्ड जॅक यांच्याकडे, पेट स्कॅन बर्कलीच्या विल्यम जॅगस्ट यांच्याकडे. रक्त आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवाचे नमुने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे, जनुकीय काम इंडियाना विद्यापीठाकडे, संख्याशास्त्र डेव्हिसच्या लॉरेल बेकेट यांच्याकडे. सगळी माहिती साठवण्याचं काम लॉस एंजेलिसच्या आर्थर टोगा यांच्या प्रयोगशाळेकडे होतं. रुग्ण तपासणाऱ्या केंद्रांशी रोजचा संपर्क ठेवायला वेगळं समन्वय केंद्र होतं, तेव्हा सॅन दिएगोमध्ये. या सर्वांवर सुकाणू समिती होती आणि तिच्यात प्रत्येक केंद्राचे प्रमुख संशोधक बसत.

यातली मेख अशी की एमआरआय कसा काढायचा हे पन्नास केंद्रांवरच्या पन्नास तज्ज्ञांनी ठरवायचं नाही. ते एका ठिकाणी ठरतं, बाकीच्यांनी तसंच करायचं. आपल्या गावात ज्याचा शब्द अखेरचा असतो, अशा तज्ज्ञाने इथे स्वतःची पद्धत बाजूला ठेवायची असते. अशा अभ्यासाच्या नेत्याला विद्वत्ता लागतेच, पण त्याहून जास्त लागतो तो विद्वानांना एका नियमावलीत बांधून ठेवण्याचा वकूब.

प्रश्न : आमच्याकडे दोन कंपन्यांची एमआरआय यंत्रं आहेत आणि दोन्हींच्या प्रतिमांत फरक पडतो. पन्नास ठिकाणच्या यंत्रांचा मेळ कसा घालतात?
— क्ष-किरण तंत्रज्ञ, नागपूर

उत्तर : हा प्रश्न कामातल्या माणसालाच पडू शकतो. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा छोटा भाग दरवर्षी थोडा थोडा आकसतो. यंत्राच्या मोजणीतली चूक त्या आकसण्याइतकीच असेल, तर आजार वाढला की यंत्र बदललं हे सांगता येणार नाही. म्हणून अॅडनीत तीन मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी आधी समान नियमावली तयार केली. पहिल्या टप्प्यात प्रत्येक केंद्राला एक ‘फँटम’ दिला होता. हा एक गोळा असतो. आत ठरावीक मापाचे छोटे गोल बसवलेले आणि ते द्रावणाने भरलेले. रुग्णाच्या स्कॅनबरोबर याचाही स्कॅन काढायचा. गोलांची मापं आधीच ठाऊक असल्याने यंत्र किती खोटं बोलतं ते लगेच कळतं. बाजारात वजनमापं तपासायला येणारा निरीक्षक प्रमाणित वजन घेऊन येतो, तसंच हे. शिवाय आलेला प्रत्येक स्कॅन मेयो क्लिनिकमध्ये तपासला जाई.

नमुन्यांचंही तसंच. अमायलॉइड हे प्रथिन काचेला आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकला चिकटतं. एखाद्या केंद्राने हाताला लागेल ती नळी वापरली, तर प्रथिन नळीच्या भिंतीवर राहतं, द्रवात कमी भरतं आणि निरोगी माणसाच्या अहवालातही अल्झायमरची खूण उमटू शकते. म्हणून पॉलिप्रोपिलिनचीच नळी, ठरल्या वेळेत गोठवणं, कोरड्या बर्फात भरून रातोरात एकाच प्रयोगशाळेत पाठवणं, हे सगळं लिहून दिलेलं असतं. नळीचा प्रकार हा वरवर खरेदी विभागाचा विषय, पण त्यावर निदान अवलंबून असतं.

राहता राहिला परीक्षक. त्याची तपासणी फँटमने होत नाही, म्हणून त्याला प्रशिक्षण देऊन परीक्षा घेतात. डिमेन्शियाची तीव्रता ठरवणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत रुग्णाशी आणि घरच्या माणसाशी स्वतंत्रपणे बोलावं लागतं. कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे याचा सराव झाल्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही.

प्रश्न : माझी आजी शाळेत गेली नव्हती. ‘आज तारीख काय’, ‘हे वाक्य वाचा’ असे प्रश्न तिला विचारले असते तर ती नापासच झाली असती. मग परदेशी चाचण्या आपल्याकडे कशा चालतात?
— शिक्षिका, लातूर

उत्तर : चालत नाहीत. हे मान्य करून ज्यांनी काम उभं केलं, त्यांची गोष्ट आपल्या देशातून सुरू होते. १९९८ मध्ये कोचीनला जमलेल्या संशोधकांनी ‘१०/६६ डिमेन्शिया संशोधन गट’ स्थापन केला. त्या आकड्यांतच तक्रार आहे : डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर होणारं संशोधन एकूण संशोधनाच्या १० टक्क्यांहूनही कमी. समन्वय लंडनहून मार्टिन प्रिन्स पाहत होते आणि केंद्रं भारत, चीन, लॅटिन अमेरिकेत होती. शाळा न शिकलेल्या निरोगी माणसाला रुग्ण ठरवणार नाही अशी पद्धत हवी होती. ती त्यांनी २५ केंद्रांतल्या २८८५ ज्येष्ठांवर पारखली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत स्मरणाच्या चाचणीबरोबर घरच्या माणसाच्या सांगण्यालाही वजन दिलं होतं.

पुढे सात देशांतल्या ११ ठिकाणी घरोघर जाऊन मोठी पाहणी झाली. तिचे २००८ मधले आकडे बोलके आहेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेचा तेव्हाचा निकष लावला, तर भारताच्या ग्रामीण भागात ६५ वर्षांवरच्या फक्त ०.३ टक्के लोकांना डिमेन्शिया निघत होता. १०/६६ ची पद्धत लावली की सगळीकडेच प्रमाण कितीतरी जास्त यायचं. मग गावाकडे आजार नव्हता का? होता. पण त्या निकषात रोजच्या कामात अडचण येते का, हे घरच्यांनी सांगावं लागतं. आपल्याकडे म्हातारं माणूस कामातून मोकळं झालेलं असतं, पैशाचे व्यवहार मुलगा पाहतो, ताट सून वाढते. अडचण यायला काम तर हवं! निकष कोणता लावायचा, हा निर्णय समन्वय समितीच्या बैठकीत होतो आणि देशात रुग्ण किती हे त्यावर ठरतं. प्रशासन म्हणजे केवळ कागदपत्रं, असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

भारतात अलीकडे झालेलं मोठं काम म्हणजे लासी-डॅड. त्याचं मूळ ‘लासी’ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय पाहणीत आहे आणि ती मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राबवते. त्या पाहणीतल्या साठीपुढच्या ४०९६ जणांची स्मृती आणि आकलन १८ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांत तपशीलवार तपासलं गेलं. नेतृत्व दिल्लीच्या एम्सकडे आणि अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होतं, मुंबईचं जे. जे. रुग्णालयही सहभागी होतं. वाचता न येणाऱ्यांसाठी चाचणी बदलली होती. मूळ चाचणीत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद दाखवतात. हरियाणातल्या बल्लभगढच्या जुन्या अभ्यासात तयार झालेल्या आणि इथे वापरलेल्या हिंदी चाचणीत त्याऐवजी परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणतो. निदान एका डॉक्टरवर सोडलं नाही. वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी तीच माहिती संगणकावर स्वतंत्रपणे पाहून मत दिलं, आणि मतभेद झाला तिथे चर्चा केली. त्यातून २०२३ मध्ये आकडा हाती आला : साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. स्त्रियांत प्रमाण जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. तुमच्या आजींसारख्यांना मोजायची पद्धत सापडली, म्हणून हे कळलं.

प्रश्न : ‘स्टडी कोऑर्डिनेटर’ पदाची जाहिरात पाहिली. या माणसाला नक्की काय काम असतं?
— एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर सगळं. आलेल्या प्रत्येकाला अभ्यास समजावून सांगणं, संमतीपत्र भरून घेणं, तपासण्यांच्या तारखा जुळवणं, नमुने वेळेत पाठवणं, माहिती संगणकात भरणं. समन्वय केंद्राकडून ‘या रकान्यात वजन मागच्या वेळेपेक्षा वीस किलोने कमी कसं?’ अशा शंका येतात, त्यांचा निपटारा करणंही तुमच्याकडेच. पण सर्वांत अवघड काम म्हणजे माणसं टिकवणं.

असे अभ्यास वर्षानुवर्षं चालतात. ज्यांची तब्येत बरी असते ते येत राहतात. ज्यांचा आजार वाढतो, ज्यांना सोबत आणणारी मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी जाते, ते यायचे बंद होतात. म्हणजे गळतात ते नेमके जास्त आजारी लोक. मग उरलेल्यांची सरासरी खऱ्यापेक्षा चांगली दिसते आणि निष्कर्ष फसतो. संख्याशास्त्रज्ञ त्यावर थोडीफार डागडुजी करू शकतात, पण खरा इलाज म्हणजे फोन करणारा, रिक्षाची सोय करणारा, काकूंची विचारपूस करणारा कोऑर्डिनेटर. आपल्याकडे ही नेमणूक बहुधा प्रकल्प संपेपर्यंतची असते, त्यामुळे शिकलेला माणूस मधेच सोडून जातो आणि त्याच्याबरोबर शंभर घरांची ओळखही जाते. निधी देणाऱ्यांनी यंत्राआधी या पदाच्या पगाराचा विचार करावा, असं मला वाटतं. तुम्ही अर्ज जरूर करा.

प्रश्न : प्रत्येक केंद्राच्या नैतिक समितीची वेगळी परवानगी लागत असेल तर वर्षं त्यातच जात असतील?
— होमिओपॅथी डॉक्टर, अहिल्यानगर

उत्तर : जात होती. म्हणून अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या बहुकेंद्री संशोधनाला २०२० पासून एकाच समितीची परवानगी पुरेशी धरली जाते, किंबहुना तसं बंधनच आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा एकत्रित परीक्षणाची मुभा आहे. स्थानिक समितीची देखरेख तरीही उरतेच. परदेशी संस्था सहभागी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही संमती लागते.

प्रश्न : एवढी माहिती गोळा होते, तिचा मालक कोण? संशोधकाने नोकरी बदलली तर ती कुठे जाते?
— वकील, पुणे

उत्तर : या प्रश्नावर कोट्यवधी डॉलरचा दावा झाला आहे. अल्झायमरच्या औषधचाचण्या एकत्रितपणे करायला अमेरिकेत १९९१ मध्ये एक संघ उभा राहिला. त्याचं कार्यालय सॅन दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होतं. २०१५ मध्ये त्याचे प्रमुख पॉल एसन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, पाठोपाठ सहकारीही गेले, आणि संगणकावरच्या माहितीचा ताबा कुणाकडे यावर दोन विद्यापीठं न्यायालयात उभी राहिली. २०१९ मध्ये तडजोड झाली. सदर्न कॅलिफोर्नियाने पाच कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं आणि जाहीरपणे खेद व्यक्त केला. यात कोण किती चूक होतं यापेक्षा महत्त्वाचं हे की अभ्यास व्यक्तीभोवती उभा होता. ती उठली की काय, याचं उत्तर आधीच लेखी ठरलेलं असायला हवं होतं.

अॅडनीने वेगळा रस्ता धरला. गोळा झालेली माहिती, नाव-पत्ता काढून, जगातल्या कोणत्याही पात्र संशोधकाला अर्ज केल्यावर मिळते. ती गोळा करणाऱ्यांनी आधी आपले लेख छापायचे आणि मग इतरांना द्यायची, असा राखीव काळच ठेवला नाही. पैसा देणाऱ्या कंपन्यांनाही ती इतरांआधी मिळत नाही. बदल्यात अट एकच मोठी : लेख छापताना लेखकांच्या यादीत अॅडनीचंही नाव द्यायचं, म्हणजे पन्नास केंद्रांवर राबलेल्यांची नोंद राहते. या माहितीवर आजवर हजारो शोधनिबंध निघाले. त्यांतले बहुसंख्य लिहिणाऱ्यांनी त्या ८०० जणांपैकी एकालाही पाहिलेलं नाही. मालकीचा हट्ट सोडल्याने विज्ञानाचं आणि नावाचंही भलं झालं, हा माझ्या मते या अभ्यासाचा सर्वांत मोठा प्रशासकीय निर्णय.

प्रश्न : बाबांना विसरण्याचा आजार आहे. रुग्णालयाने एका बहुकेंद्री अभ्यासात सहभागी व्हाल का, असं विचारलं आहे. सही करावी का?
— एक मुलगी, डोंबिवली

उत्तर : आधी हे पाहा की अभ्यास कोणत्या प्रकारचा आहे. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’च्या यादीत असलीच पाहिजे. भारतात १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे आणि यादी कुणालाही पाहता येते. नुसती पाहणी असेल तर धोका कमी आणि औषधाचा लाभही नाही, हे लक्षात घ्या.

मग काही प्रश्न थेट विचारा. रक्ताचे नमुने कुठे जाणार, किती वर्षं ठेवणार, पुढे दुसऱ्या कामाला वापरणार का? तपासणीत काही निघालं तर आम्हाला कळवणार का? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? मधेच सोडलं तर उपचारावर परिणाम होईल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. बाबांना समजून निर्णय घेता येत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून तुम्ही सही करू शकता. पण त्यांनाही समजेल तेवढं सांगून त्यांचा होकार घ्यायचा असतो, आणि त्यांनी हात मागे घेतला तर तो नकारच समजायचा.

तुम्हाला स्वतःला काय मिळणार, हेही विचारा. गोव्यात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१ कुटुंबं होती. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांशी बोलत, शिकवत, धीर देत. त्याने त्या कुटुंबीयांच्या मनावरचा ताण कमी झाला. औषधाशिवाय मिळालेला हा लाभ सहभागी झालेल्या घरांमुळेच सिद्ध करता आला.

उत्तरं समाधानकारक मिळाली तर सही करा. मराठी बोलणारी, आपल्यासारखं जेवणारी, आपल्यासारख्या घरांत राहणारी माणसं अशा अभ्यासांत आली नाहीत, तर उद्याची औषधं आणि चाचण्या दुसऱ्यांच्या मापाने बेतल्या जातील. उत्तरं टाळली जात असतील तर मात्र नम्रपणे नकार द्या. जे केंद्र तुमच्या चार प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही, त्याने पाठवलेल्या माहितीवरही फारसा विश्वास ठेवता येणार नाही.